देवरेबाईंनी दुरुस्त केलेला धडा

देवरेबाई गेल्याचं पत्र शिरपूरला माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. आता महिना उलटला, तरी 'होत्या'च्या जागी अजून 'आहेत'च लिहिलं जातं...

शिंदखेड्याच्या शाळेत आम्ही बारा वर्षं एकत्र होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. उत्क्रांतीचा धडा आला की बाई टाचा उंचावून, मान ताणून दाखवायच्या. "उंचावरचा पाला खायला जिराफानं पिढ्यान्‌पिढ्या मान ताणली, म्हणून ती लांब झाली!" मुलं खदखदून हसायची आणि ते जन्मभर लक्षात ठेवायची. पुढे बाईंना नेमकं तेच सलत राहिलं.

एका वर्षी कापसावरची बोंडअळी फवारून फवारूनही हटेना. एका विद्यार्थिनीचे वडील, दगाआबा, शाळेत आले होते. बाईंनी सहज विचारलं, "आबा, अळीला औषधाची सवय झाली का हो?"

आबा हसले. "सवय कसानी, बाई! ज्या वाचन्यात, त्यासनीच ही बठ्ठी पिलावळ शे."

ज्या अळ्या औषधातून वाचल्या, त्यांचीच ही सगळी पिल्लं, हे बाईंनी स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "जिराफाचंही तेच, ताणून काही होत नाही हो, भामरे सर. ज्यांची मान मुळातच जरा लांब, ते जगले, त्यांचीच पिल्लं वाढली. पुस्तकात हेच आहे. मी मात्र अठरा वर्षं..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात चूक कबूल केली. मुख्याध्यापक चिडले, "अशानं मुलं मान ठेवतील का?"

"नाही ठेवला तरी चालेल, सर. चुकीचं घेऊन जायला नको."

मग जुन्या विद्यार्थ्यांना दुरुस्तीची कार्डं गेली. बहुतेकांनी उत्तरात बाईंची तब्येत विचारली! पहूरचा एक विद्यार्थी मात्र स्वतःच विज्ञान शिक्षक झाला होता. त्यानं लिहिलं, 'बाई, मीही मान ताणूनच शिकवतो. आता मुलांना कोणत्या तोंडानं सांगू?'

बाईंनी रजा टाकली, मला सोबत घेतलं आणि पहूर गाठलं. तो बिचारा फळ्याजवळ घाम पुसत उभा. बाई मुलांना म्हणाल्या, "तुमच्या सरांना हे मी शिकवलं. चूक माझी आहे, त्यांची नाही." आणि खडू उचलून त्यांनी धडा पहिल्यापासून सुरू केला.

परतताना जळगाव आलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "भूक लागली हो, सर."

परवा नववीत एका मुलीनं मला कवितेतल्या शब्दाचा अर्थ विचारला. पूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. "मला नक्की माहीत नाही," मी म्हणालो, "उद्या बघून सांगतो."