व्हिडिओतली ताई

शिक्षक भरतीचा निकाल अडकला होता, तेव्हा उज्जैनच्या उमेदवारांची पुढारी मी होते. पुढारी म्हणजे काय, तर निवेदन मी लिहायचं आणि पाच-सात पोरं-पोरी माझ्या मागे उभ्या राहायच्या. कलेक्टर ऑफिसातले साहेब ते घेऊन "देखते हैं" म्हणायचे. मग आम्ही चहा पिऊन आपापल्या घरी.

माझी धाकटी बहीण त्या परीक्षेला बसलीच नव्हती. ती टावर चौकात साड्यांच्या दुकानात कामाला होती. नव्या साड्यांचे व्हिडिओ तीच करायची, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बोलायची तिला सवय.

एका दुपारी आम्ही जेवत असताना नागपूरच्या मावशीचा फोन आला. माझ्यासाठी स्थळ होतं. मुलगी काय करते, असं त्या लोकांनी विचारलं होतं.

"परीक्षा दिलीय, निकाल यायचाय," आई म्हणाली.

"अगं, मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस!"

फोन स्पीकरवर होता. मी ताटावरून उठले.

संध्याकाळी बहिणीने दुकानाबाहेर उभं राहून व्हिडिओ केला. साड्यांचा नाही, माझा. "मेरी दीदी से अब घर में कोई नहीं पूछता कि रिज़ल्ट कब आएगा. सब डरते हैं कि वो खाना छोड़कर उठ जाएगी." एवढंच बोलून तिने तो आपल्या खात्यावर टाकला.

दोन दिवसांत तो रीवा, ग्वाल्हेरला पोचला. मग बिहार, राजस्थानातल्या मुली आपापल्या अडकलेल्या परीक्षांबद्दल तसंच बोलायला लागल्या. अमरावतीच्या एका मुलाने आपल्या दादावर मराठीत व्हिडिओ केला. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी ताटावरून उठणारं होतंच. माझी निवेदनं कलेक्टर ऑफिसच्या कोठी रोडपलीकडे गेली नव्हती, आणि हिची दोन वाक्यं राज्यं ओलांडत होती. तीही माझ्याच जेवणावरची.

"मला विचारायचं तरी," मी तिला म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस. कुणीतरी बोलायला नको का, ताई?"

"मग इतके दिवस मी काय करतेय?"

ती काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. जबलपूरहून कुणीतरी होतं.

मग आम्ही धरणं धरलं, त्याला देवास, शाजापूर, रतलामहून माणसं आली. मैदान भरलं. मी भाषण लिहून नेलं होतं, पण मागून ओरडा झाला, "पहले छोटी दीदी!" ती बोलायला उठली आणि मी तिच्या चुका शोधत बसले. तिने शिक्षण खात्याचं नावसुद्धा चुकीचं घेतलं. शेजारच्या मुलाला मी ते सांगितलं. तो टाळ्या वाजवत होता.

रतलामची एक मुलगी माझ्याजवळ आली. "आप वही हैं ना, खाना छोड़ने वाली दीदी?" तिने माझ्याबरोबर सेल्फी घेतला. मी हसले.

त्या सगळ्यामुळे की आणखी कशाने, पण निकाल लागला. त्यात मी नव्हते.

बहीण हमसून हमसून रडली, माझ्यापेक्षा जास्त. तिचं रडणंही माझ्यापेक्षा खरं वाटत होतं, आणि मला ते बघवेना. तिच्या फोनवर सगळीकडून एकच विचारणा येत होती, दीदी का क्या हुआ?

"काय सांगू गं त्यांना?" तिने विचारलं.

"दे इकडे. मी सांगते."

मी कॅमेरा लावला आणि दोनदा बंद केला. शेवटी टाइप केलं, "नहीं हुआ."

रतलामच्या मुलीने लगेच लिहिलं, "मेरा भी नहीं." मग ओळख नसलेल्या गावांतून उत्तरं येत राहिली. सगळी मला होती, पण बहिणीच्या नावाखाली, तिच्या हसऱ्या फोटोशेजारी.

मी माझ्या फोनवर स्वतःचं खातं उघडायला घेतलं. डोळे पुसत ती शेजारी येऊन बसली आणि कुठे काय दाबायचं ते दाखवायला लागली. तिला ते सगळं इतकं सहज येत होतं, की मी फोन थोडा माझ्याकडे वळवून घेतला.