हुबर्टच्या नावाचं भांडं

अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या गावात कुणी गेलं की शेजारणी रडत येत नाहीत, हॉटडिश घेऊन येतात. खाली खिमा, वर तळलेल्या बटाट्याचा थर, आणि काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर घरधनिणीचं नाव. दुःख ओसरलं की भांडं धुऊन परत करायचं. आर्डिस टॉलेफसनचा नवरा गेला तेव्हा दुःख ओसरायच्या आधी तिचा फ्रीझर ओसंडून वाहिला होता.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सकाळी शेजारची मार्लिस भांडं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आर्डिसने सरळ विचारलं, "कोण गेलं?"

"अगं, कुणी नाही," मार्लिस म्हणाली. मग उंबऱ्यावर पसरलेल्या हुबर्टकडे बघून हळूच म्हणाली, "अजून."

हुबर्ट हा आर्डिसचा कुत्रा. अर्धा कॉली, उरलेला अर्धा कोण ते त्याच्या आईलाच ठाऊक. घरात शिरताना आधी नाक यायचं, हुबर्ट मागाहून. त्याच नाकात गाठ निघाली होती. एका नाकपुडीतून रक्त ठिबकायचं, घोरणं तर असं की आर्डिसला नवरा परत आल्यासारखं वाटे. वासच येईना, म्हणून जेवणावरची वासनाही उडाली होती.

दारात आलेलं भांडं न घेता परत पाठवणं हे त्या गावात शिवी देण्यासारखं. आर्डिसने ते मुकाट्याने घेतलं आणि फ्रीझरच्या तळाशी कोंबलं. मग हुबर्टला गाडीत घातलं. तिने सगळी उमर शाळेची बस चालवली होती. समोर बर्फाचं वादळ असलं की बस वळवण्यापेक्षा जबडा आवळणं तिला जास्त जमायचं.

शहरातल्या जनावरांच्या मोठ्या हॉस्पिटलातली डॉ. कोवाल्स्की तरुण होती, पण गोड बोलून फसवणारी नव्हती.

"रेडिएशनच्या किरणांनी तो बरा होणार नाही, मिसेस टॉलेफसन. गाठ आकसेल, रक्त थांबेल, श्वास मोकळा होईल. काही महिने बरे जातील. मग ती पुन्हा वाढेल."

"तळं गोठेपर्यंत पुरेल का?"

दर हिवाळ्यात ती दोघं गोठलेल्या तळ्यावरच्या खोपट्यात बसत. आर्डिस बर्फातल्या भोकात गळ सोडून, हुबर्ट भोकावर नाक धरून. डॉक्टर म्हणाली, बहुतेक पुरेल, पण शब्द देत नाही.

मग आठवड्यातून एकदा हॉस्पिटलची वारी सुरू झाली. भूल द्यायची म्हणून हुबर्ट उपाशी. त्याच्यासाठी आर्डिसही कॉफीवाचून. त्या गावात हे कडक उपासाहून कडक. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला जमलेल्या बायका कुजबुजायच्या, बरा होणारच नाही तर कशाला जिवाचा आटापिटा. आर्डिसच्या कानावर आलं.

"माझे गुडघेही बरे होणार नाहीत," ती त्यांना म्हणाली. "मला कायमचं झोपवा असं अजून कुणी सुचवलेलं नाही. की सुचवायचंय?"

पण शेवटचा डोस झाला तरी हुबर्ट जेवेना. आर्डिस एकटी असताना त्याच्या वाडग्याकडे बघत बसायची, आणि कुणी आलं की जबडा आवळायची.

अशात दोन-तीन दिवस हुबर्टचं भुंकणं ऐकू आलं नाही, तेव्हा मार्लिसने काय ते ताडलं आणि डोळे पुसत दुसरं भांडं घेऊन आली. दार उघडलं. चुलीमागून एक लांब नाक वर आलं. ते हवेत हललं, थांबलं, पुन्हा हललं. त्यामागोमाग हुबर्ट उठला, मार्लिसच्या हातातल्या भांड्यापाशी आला आणि दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेतला. आर्डिसने भांडं तिच्याकडून घेऊन जमिनीवर ठेवलं आणि हुबर्ट ते चाटूनपुसून खाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रविवारी चर्चच्या तळघरात, कुत्र्यांना मनाई असतानाही, ती हुबर्टला घेऊन गेली. फ्रीझरातलं पहिलंही एव्हाना संपलं होतं; दोन्ही भांडी लख्ख घासून तिने मार्लिसपुढे टेबलावर ठेवली.

"ज्याच्यासाठी आणली होतीस, तोच परत करायला आलाय."

कुणाला हसू आवरेना. मार्लिस मात्र हुबर्टच्या कानामागे खाजवत राहिली. किरण दिलेल्या जागी त्याचे केस झडून पांढरे उगवू लागले होते.

"आणि गाठ पुन्हा वाढली की गं?"

"तेव्हा तिसरं भांडं आण," आर्डिस म्हणाली. "पण आधी तळ्यावर जाऊन येऊ दे आम्हाला. आणि मीठ जरा बेताने घाल. तो खाईल काहीही, मला पण खायचं असतं."