मावशीने शिकवणं थांबवलं

माझी मोठी मेव्हणी शाळेत खेळ शिकवते. पोरांनी उडी मारण्याआधी, झेल घेण्याआधी ती एकच विचारते, "जमेल का रे?" मग पोर काय म्हणालं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे ताडून बघायचं, हा तिचा छंद. ज्यांना येत नाही पण येतं असं वाटतं, ती कार्टी दिवसभर हुंदडतात आणि हुंदडता हुंदडता शिकतात. ज्यांना येतं पण तसं वाटत नाही, ती बसून राहतात आणि आलेलंही घालवतात. "मग आधी सुधारायचं काय, हात की मन?" असं ती ऐन जेवताना विचारते आणि माझी भाजी निवते.

पण दिव्याखाली अंधार! तिची सख्खी भाची, म्हणजे आमची सात वर्षांची ठमी, खाली खेळायलाच जाईना. पोरगी कायमची घरकोंबडी होणार म्हणून मी आणि बायको धास्तावलो. मावशीने तिला हाती घेतलं. रोज संध्याकाळी गच्चीवर चेंडू. "कोपर आत. बोटं सैल." महिन्याभरात ठमी असे झेल घेऊ लागली की मी बघतच राहिलो.

तरी खाली जाईना. पूर्वी निदान खिडकीतून डोकावायची, आता तेही बंद.

मावशी चक्रावली. "अगं, इतकं छान येतं तुला, मग अडतंय कुठे?"

"येत असतं तर तू रोज शिकवलं असतंस का?" ठमी म्हणाली.

एरवी मेव्हणीला चिडवायची संधी मी सोडत नाही. त्या दिवशी सोडली, कारण मला तिचं खरंच वाईट वाटलं. ती मात्र विचारात पडली होती. "म्हणजे आपल्याला येत नाही, हे तिला मीच शिकवलं. अजबच आहे की!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच खाली पोरांच्यात खेळायला उतरली. "एक गडी कमी पडतोय, येतेस?" तिने ठमीला हाक मारली. ठमी आली. मी कट्ट्यावर बसलो.

पहिलाच झेल सुटला. कोपर बाहेर गेलं होतं, मलासुद्धा दिसलं. मेव्हणीने तोंड उघडलं, पण मूग गिळून गप्प राहिली. ठमी चेंडूमागे धावली, फेकला, ओरडत जागेवर आली. गच्चीवर प्रत्येक झेलानंतर ती मावशीचा चेहरा बघायची. इथे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

"बघतच नाही हो माझ्याकडे," मेव्हणी मला म्हणाली. हसत होती आणि डोळेही भरले होते. तेवढ्यात चेंडू तिच्या शेजारून निघून गेला.

"मावशी, लक्ष कुठंय तुझं?" ठमी खेकसली. "खेळायचं नसेल तर जा, बाबांशेजारी बस!"