शालीखालचा हात

वडिलांना वाचा परत आली त्या दिवशी बायकोने पेढे आणले. मी माझा तोंडात न घालता कागदात गुंडाळून ठेवला.

पहिला शब्द ‘पाणी’ होता. मग दर आठवड्याला एखाद-दुसरा नवा शब्द येऊ लागला. घरात आनंद व्हायचा, मला मात्र एका वाक्याची धास्ती होती. एक दिवस ते बायकोसमोर म्हणतील, ‘मी याला सांगितलं होतं.’

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता. वडील उठायच्या आधीच बायको निजामपुऱ्याला माहेरी गेली होती. मी हरणीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वुडकटसाठी, म्हणजे चित्र छापायच्या ठशासाठी, लाकूड कोरत बसलो होतो. वडिलांनी चहा घेतला, पेपर वाचला. थोड्या वेळाने आतून म्हणाले, “अरे, उजवा हात जड झालाय बघ.”

माझी पटाशी एका बारीक रेषेवर होती. मान वर न करता मी म्हणालो, “अवघडला असेल, बाबा. पडा जरा.”

ते पडले. दीड तासाने बायको परत आली, तिची किंकाळी ऐकली तेव्हा मी उठलो.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?” बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “रात्री बरे होते. सकाळी उठलेच नाहीत, मला वाटलं झोपलेत.” डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका झोपेत नक्की कधी आला हे कळत नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही, धोका असतो. त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. वेळ गेलेली नव्हती. वडील स्ट्रेचरवर होते. त्यांचे डोळे उघडे होते.

त्या इंजेक्शनाने हात वाचला असता की नाही, मला माहीत नाही. कुणाला विचारायची हिंमतही झालेली नाही.

तो हात साधा नव्हता. वडिलांनी गोरव्याच्या कारखान्यात आयुष्यभर ओतकामाचे लाकडी नमुने घडवले. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा घेतात. पटाशीला धार लावायला मला त्यांनीच शिकवलं. मी चित्रं छापायला लागलो तेव्हा म्हणायचे, “आम्ही लाकडातून लोखंड काढलं, चिरंजीव कागद काढतायत!”

यंदा आम्हा ठसे काढणाऱ्या मित्रांचं ठरलं की प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचं चित्र छापायचं. मी वडिलांना निवडलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांच्यासमोर बसायला निमित्त हवं होतं.

पहिल्या रेखाटनात ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. उजवा हात मी आठवणीतला काढला, धडधाकट. तो खोटा दिसत होता. खोडला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला, कागद विरळ होईपर्यंत. दुसऱ्या रेखाटनात मांडीवर पेपर पसरला. तिसऱ्यात शाल आली, आणि तेच मी लाकडावर उतरवलं. वुडकटमध्ये जे कोरलं जात नाही ते काळं छापलं जातं. म्हणजे हात लपवायला मला काहीच करायचं नव्हतं. तसंच सोडून द्यायचं. ते मला चांगलं जमतं.

बायकोने डोकावून पाहिलं. “अहो, एप्रिलात शाल? बाबांना घामोळ्या येतील!”

“चित्रात उकडत नाही,” मी म्हणालो.

चेहरा कोरून झाला त्या रविवारी दुपारी वडील म्हणाले, “दाखव.”

इतर कुणाला त्या लाकडात फक्त रेषा दिसल्या असत्या. ठसा मी त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं कपाळावरून, नाकावरून फिरली. एका रेषेत त्यांनी नख घालून पाहिलं.

“धार... बरी आहे. उलटं... उतरवलंस?”

“हो, कागद पालथा घालून. छापल्यावर सुलटं येईल.”

बोटं खाली सरकली. गुळगुळीत भागावर येऊन थांबली.

“हात?”

“शालीखाली आहे, बाबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. नजर चुकवावी तर समोर तोच हात होता. “नको,” ते म्हणाले. “शाल नको.”

कोरलेलं लाकूड परत येत नाही, पण शालीच्या जागेला अजून पटाशी लागली नव्हती. तिथे हात बसवता येणार होता. मी नवा कागद घेतला. काढायचं तर बघायला हवं, आणि मी त्या हाताकडे कित्येक महिन्यांत नीट पाहिलं नव्हतं. मालिश बायको करायची. बोटं आत मुडपलेली, त्वचा चकचकीत, तर्जनीवर पटाशीचा जुना वण. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. त्या आवाजाच्या आडोशाने मी बोललो.

“बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं त्या दिवशी. मी उठलो नाही. आणि डॉक्टरांशी खोटं बोललो.”

“ऐकलं.”

मला वाटलं, आत्ताचं म्हणतायत.

“तेव्हा,” ते म्हणाले. “तिथे... पडून... ऐकलं.”

ज्या वाक्याला मी भीत होतो ते त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. त्यासाठी लागणारे शब्दही येऊन कितीतरी आठवडे झाले होते. मी काही बोलणार इतक्यात त्यांनी डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं.

“अंगठा चुकला. आत... वळतो.”

मी अंगठा खोडला. आत वळवून काढला. त्यांनी मान हलवली.

बायको चहा घेऊन बाहेर आली. “काय चाललंय बाप-लेकांचं एवढं?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच होते, आणि ते उघडणार नाहीत हे मला कळलं. भीती होती तिथेच होती, फक्त आता बोलायचं मला होतं.

“चहा ठेव खाली,” मी तिला म्हणालो. “आणि बस जरा.”