यादीतली रिकामी ओळ

सकाळी सामानाच्या यादीवर भज्यांचं तेल सांडलं आणि त्या वासानं मी पारनेरच्या रस्त्यावर पोचले. दुष्काळाच्या आदल्या वर्षी मैत्रीण सुधा आणि मी सायकलींवर जुनी देवळं पाहायला निघालो होतो. यादीत पाच देवळं होती. दिवेलागणीआधी परतलो नाही तर सायकल बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

वाटेतल्या हॉटेलवाल्या मावशींनी भजी वाढताना विचारलं, "आमचं वढ्याकाठचं देऊळ बघितलं का?"

"यादीत नाही," मी म्हणाले.

"देवाला काय ठावं तुमची यादी? लई लांब न्हाई."

सुधा हसली. पाचवं देऊळ सोडून आम्ही ओढ्यात उतरलो. तिथल्या देवळाच्या भिंतीवर गार दगडात कोरलेली एक बाई आरशात स्वतःला न्याहाळत होती.

घरी वेळेत पोचलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीतली शेवटची ओळ मी रिकामी ठेवते.