धरणाची दारं कोणी उघडली

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी धुळ्यात, देवपुरात मुलींच्या वसतिगृहात राहत होते. तिथल्या टॉकीजला मुखवटा घालून उडणाऱ्या वीराचा एक इंग्रजी सिनेमा हिंदीत डब होऊन लागला आणि आम्ही मैत्रिणी तो बघायला गेलो. त्यात एक धरण फुटायला आलेलं असतं. धरणावरची इंजिनिअर बाई किंचाळते, वीर उडत येतो, पाणी अडवतो, तिला उचलून नेतो. मागच्या रांगांतली पोरं तिच्या किंकाळीची नक्कल करत होती. आम्हीही हसलो.

दिवाळीत भडगावला घरी गेले, तर आखातात नोकरी करणारे माझे दाजी व्हीसीआर घेऊन आलेले. त्यांच्या कॅसेटींत तोच सिनेमा होता, पण खोक्यावर लिहिलं होतं की दिग्दर्शकाने स्वतः जुळवलेली ही लांब प्रत आहे. जेवणं उरकून घरचे सगळे बसले. बोलणं इंग्रजीत, त्यामुळे दाजी जमेल तसं सांगत होते.

धरणाचा प्रसंग आला आणि मी सावरून बसले. ही बाई किंचाळण्याआधी कितीतरी करत होती! साहेब तिला घरी जायला सांगतो, ती जात नाही. वीज गेलेली असते. ती हातांनी चाक फिरवून धरणाची दारं उघडते, तळहात सोलून निघतात. पाणी बेताने सुटतं, खालच्या गावाला वेळ मिळतो. शेवटचं दार अडकतं तेव्हा ती ओरडते, तेही खालच्या लोकांना "पळा" म्हणून. टॉकीजमध्ये आम्हाला नुसती किंकाळी दाखवली होती.

गिरणेचे पूर पाहिलेली माझी माय म्हणाली, "गाव ते ती बाईनी वाचाडं. तो उडणारा मांगून उना." उडणारा आला तो मागून, गाव त्या बाईने आधीच वाचवलं होतं.

सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या साहित्य मंडळात मी या दोन्ही प्रतींवरच बोलायचं ठरवलं. मंडळाचे सर म्हणाले, "हा काय विषय आहे? एखादी कादंबरी घे."

"सर, मी हेच बोलणार. नाहीतर माझं नाव काढा."

त्यांनी नाव काढलं नाही. मी उभी राहिले. टॉकीजमधली प्रत वेगवान आहे, आकाशातली झुंज मोठ्या पडद्यावरच बघावी, लांब प्रतीत मधली प्रेमकथा रेंगाळते, हे सगळं मी कबूल केलं. मग धरणाचा प्रसंग सांगितला. मागून कोणीतरी किंकाळी मारली, वर्ग हसला. मी थांबले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "तुम्ही जिला हसताय, ती तुम्ही अजून पाहिलेलीच नाही."

सर म्हणाले, "लोकांनी पाहिला तोच सिनेमा. गरज नव्हती म्हणूनच ते कापलं."

"कोणाला गरज नव्हती, सर?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज मऊ होता. मी लिहून दिलेलं भाषण लेख म्हणून भित्तिपत्रकात लावू, म्हणाले. जागा कमी आहे, तेव्हा झुंजीचा भाग ठेव, त्या बाईचा गाळ.

माझं नाव भिंतीवर लागावं असं मला फार वाटत होतं. तरी मी लेख त्यांच्या टेबलावरून उचलला. "लावला तर पूर्ण लावा," म्हटलं. वळून न पाहता बाहेर पडले.

तो लेख मी वसतिगृहाच्या जेवणघरात वाचला. ताटं तशीच ठेवून पोरी ऐकत बसल्या. शेवटी एक सिनिअर ताई म्हणाली, "मला तर टॉकीजमधला छोटाच बरा वाटतो. सगळं तिनंच केलं, तर त्या वीराचं काम काय?"

"तिला मदत करायचं," मी म्हटलं.

मग असं भांडण जुंपलं की स्वयंपाकाच्या मावशींनी येऊन ताटं ओढून नेली. त्या ताईला माझं म्हणणं पटलं नाही. मला तिचं अजूनही पटलेलं नाही.