मामांचं बियाणं मी शिजवलं

मी माझ्या मामांना त्यांचंच बियाणं शिजवून वाढलं. वाढताना वर आग्रहही केला.

आमच्या घरात आईला आणि बायकोला स्वयंपाक येतो, मला फक्त आत्मविश्वास येतो. त्या वेळी बायको माहेरी सोलापूरला गेली होती आणि आई नळदुर्गला एका बारशाला. धाराशिवच्या घरात मी एकटाच. संध्याकाळी लोहाऱ्याकडून मामांचा, म्हणजे आईच्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"उद्या येतोय म्या. शेवंता हाय का घरी?"

"आई दुपारी येईल, मामा. पण तुम्ही सकाळीच निघा. जेवायलाच या."

"रांधणार कोण?"

"मी आहे की."

पलीकडं मामा घरात कुणाला तरी जादा भाकरी थापायला सांगताना ऐकू आले.

"बरं," मामा शेवटी म्हणाले. "भाकरी म्या बांधून आणतो."

हे मला लागलं. भाकरी तर भाकरी, आमटी तरी अशी करायची की मामांनी बोटं चाटली पाहिजेत! मी स्वयंपाकघर धुंडाळलं. ज्वारीच्या कोठीमागं, पार कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेला आणि सुतळीनं आवळून बांधलेला एक पत्र्याचा डबा सापडला. आत टपोरे पावटे होते, पण राखेत लोळवलेले आणि वर कडुनिंबाचा पाला. (शहाण्या माणसाला इथंच शंका आली असती. मलाही आली, पण ती एवढीच की चांगलंचुंगलं आई माझ्यापासून लपवून ठेवते.) आईचं आता वय झालं, धान्यात राख सांडते तिच्या हातून, असं मनाशी म्हणत मी ते पावटे स्वच्छ धुतले आणि भिजत घातले. सगळेच्या सगळे.

सकाळी बहुतेक पावटे टम्म फुगले होते. काही मात्र भिजलेच नव्हते, खड्यासारखे टणक. हे मेलेले आहेत असं ठरवून मी ते निवडले आणि मागच्या दारी, मोरीचं पाणी जातं तिथं शेवग्याखाली फेकून दिले. बाकीचे कुकरमध्ये टाकले. आमटीत चिंच, गूळ, मीठ पडतं हे मी पाहिलेलं होतं. शेवटी घालण्यापेक्षा सुरुवातीलाच घातलं तर चव आतपर्यंत मुरेल, हा शोध मात्र माझा स्वतःचा. वर आमच्या बोअरचं पाणी, ज्यानं बादल्यांना पांढरे थर चढतात.

शिट्ट्या झाल्या. पावटे कडक. आणखी शिट्ट्या झाल्या. पावटे तसेच. शेवटी शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"सुधाकर, कुकर बिघडलाय का?"

"नाही काकू, पावटे शिजतायत."

"चिंच आधीच घातली का काय?"

"हो. मुरायला."

"मग शिजतील की दिवाळीपर्यंत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात मामा आले. मी ताट वाढलं. मामांची कवळी नवीन, आमच्या पावट्यांपुढं तिचा काय निभाव लागणार! एक पावटा निसटून थेट पाण्याच्या तांब्यावर जाऊन वाजला. मी तिकडं न बघता म्हणालो, "घ्या ना मामा, संकोच करू नका."

मामा चावता चावता थांबले.

"चव वळखीची हाय रं."

"आवडली?"

"आमची आय करायची आसली आमटी. तिची शिजायची."

मग त्यांनी एक पावटा तळहातावर घेऊन पुसला आणि डोळ्याजवळ धरला. त्याच्या एका टोकाला काळा टिपका होता. मामांनी तो टिपका नखानं खरवडून बघितला. बाहेर रिक्षा थांबली आणि आई दारातूनच बोलत आत आली.

"आण्णा, जेवलाव का? पेरायला मागितल्यालं तुमचं बी काढून ठिवते हां. लई जपलंय बगा. आपल्या आयचा पावटा आता तुमच्या गावात बी कुणाकडं ऱ्हायला न्हाय, सगळं सोयाबीन. एवढाच काय तो माज्या डब्यात."

आणि ती कोठीमागं वाकली.

मामांनी ताटाकडं बघितलं. मीही मामांच्या ताटाकडं बघितलं.

"सुध्या, हितला डबा कुठाय?"

मी नुसतं कुकरकडं बोट केलं. आई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि ओट्यावरचा रिकामा डबा मांडीवर घेऊन पदरानं पुसायला लागली. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"समदंच घातलंस व्हय?" मामांनी विचारलं.

"भिजलेले सगळे घातले. मेलेले तेवढे फेकले."

"मेलेलं कंचं?"

"जे भिजलेच नाहीत ते. टणक."

मामा उष्ट्या हातानं उठले. "आरं, ते मेल्यालं न्हाय. आडमुठं बी आसतंय ते. उशिरानं भिजतंय, पर उगवतंय." हे म्हणताना ते माझ्याकडं का बघत होते कोण जाणे.

मग आम्ही तिघं मोरीपाशी. सत्तरी ओलांडलेले मामा आणि गुडघेदुखीची आई ओणवे होऊन चिखल चाचपतायत आणि मी ऑफिसच्या पँटीत रांगतोय. काकू पुन्हा भिंतीवर हजर.

"काय हरवलं हो?"

"काही नाही, कढीपत्ता लावतोय," मी म्हणालो.

"माज्या आयचं बी हरवलंय," आई म्हणाली.

एवढं करून मूठभर दाणेही सापडले नाहीत. जे सापडले ते मामांनी धुऊन, पुसून उपरण्याच्या टोकाला बांधले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. वाटभर ते उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरून होते. गाडीत चढताना मात्र पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमटीत गूळ बरा व्हता." त्यांनी दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी सुखानं घरी आलो असतो.

ते दाणे उगवले. पुढच्या हंगामात मामा पिशवीभर पावटे घेऊन आले. बायकोनं त्यातले वाटीभर शिजवले, तर लोण्यासारखे शिजले. बाकीचे आईनं राखेत घातले आणि डबा कुठं ठेवला ते मला अजून सांगितलेलं नाही.

परवा मामांचा फोन आला. गावातल्या बचत गटाच्या बायका त्या पावट्याचं बी मागतायत म्हणे.

"बी भाच्यानं वाचिवलं म्हणून सांगितलंय म्या. तू ये अन् कसं जपलं ते बायकांना सांग."

"मामा, पण मी तर..."

"मग काय सांगू? भाच्यानं शिजिवलं म्हणून?"

मी आईकडं पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "जा की. पर तिथं चुलीजवळ जाऊ नगंस."

तेव्हापासून मी भाषण लिहायला बसलोय. पहिलं वाक्य झालं आहे: डब्याला सुतळी बांधलेली असेल तर ती सोडू नये. पुढं काही सुचत नाही, कारण करू नये असं बाकीचं सगळं मी केलेलं आहे, आणि जे बी वाचलं तेही मी मेलेलं समजून फेकून दिलं म्हणूनच.